गंगेचा उच्छ्वास

"फोडणी बंऽऽद!"

दुर्गाघाटाच्या गल्लीत ही आरोळी वरून आली, की आजूबाजूच्या घरांतल्या कढया गॅसवरून खाली उतरायच्या. म्हणजे उतराव्यात अशी अपेक्षा असायची. समोरच्या घरातली सून नेमकी तेव्हाच तेलात लाल मिरची सोडायची. मग छतावरून सटासट शिंका ऐकू यायच्या आणि पाठोपाठ, "अरे भाभी, थोड़ा रुक जातीं तो क्या बिगड़ जाता?" भाभी खिडकीतून म्हणायची, "गुरुजी, बिना तड़के की दाल आप खाइए. हमारे ये नहीं खाएँगे."

आरोळी देणारे हे आमचे सर. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ राहत्या घराच्या छतावरून हवा मोजायचे. हवा मोजायची वेळ झाली की त्यांना गल्लीत धूर नको असायचा. मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प-सहायक म्हणून आले होते, थेट इचलकरंजीहून. आमच्याकडे बिनफोडणीचं जेवण सुतकात. त्यामुळे पहिल्या दिवशी ती आरोळी ऐकून मी बॅग घेऊन गल्लीतच उभी राहिले. म्हटलं, घरात कुणी गेलं की काय! तशीच स्टेशनवर परत जाणार होते. नाही गेले, हे माझं नशीब. ते चांगलं की वाईट, हे मात्र मी दर आठवड्याला नव्यानं ठरवत असे.

सरांचं घराणं पिढ्यानपिढ्या काशीत राहिलेलं. वडील, आजोबा सगळे वैदिक. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, ती परंपरा चालवली. सरांनी शेंडी उतरवली आणि विद्यापीठाची वाट धरली. मराठी मात्र दोघांची एकच, हिंदीत बुचकळून काढलेली. गच्चीला छत म्हणायचे, चुकीला गलती, आणि मी काही सांडलं-लवंडलं की "अगं, तुझा दिमाग कुठे आहे?" माझा दिमाग तेव्हा बहुतेक वेळा भाभीच्या फोडणीच्या वासात असायचा, पण तसं बोलायची सोय नव्हती.

छताच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक लोखंडी पिंजरा होता. त्यात लेझरचं यंत्र. यंत्रातून किरण निघायचा, गंगा ओलांडून पलीकडच्या वाळूत रोवलेल्या खांबावरच्या आरशावर आदळायचा आणि आल्या वाटेनं परत यायचा. वाटेतल्या हवेत अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड असले वायू असले, की ते किरणातला आपापला वाटा गिळून टाकतात. गेला किती आणि परत आला किती, यावरून वायू किती ते कळतं. पण तो वायू वाटेत नेमका कुठे आहे, या काठाला की त्या काठाला, हे ते यंत्र सांगत नसे. एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

सर हे असं रुक्ष सांगायचे नाहीत. कुणी विचारलं की मांडी ठोकून बसायचे. "हे बघ, एका गल्लीत दोन टोळ्या पाठवल्या. एक रबडीच्या वेड्यांची, एक निर्जळी एकादशीवाल्यांची. एकादशीवाले सगळे परत आले, रबडीवाले निम्मेच आले. म्हणजे गल्लीत काय आहे?"

"रबडीची दुकानं."

"शाब्बास! माझ्या लेझरचे दोन रंग आहेत. एक रंग वायू खातो, दुसरा खात नाही. दोघांतला फरक बघायचा. बस, एवढंच आहे सगळं विज्ञान. बाकी नुसते वायर."

हे ऐकून लोक मोठ्या आशेनं विचारायचे, "पण किरण दिसत का नाही?" तो डोळ्यांना दिसणाऱ्यातला नव्हताच. लोकांची फार निराशा व्हायची. घाटावरच्या एका म्हातारीनं तर याच्यानं डास तरी मरतात का, असं विचारलं होतं. नाही म्हटल्यावर "तो फिर काहे का मसीन!" म्हणून ती निघून गेली.

पिंजरा होता माकडांसाठी. माकडांना आत ठेवायला नव्हे, यंत्राला त्यांच्यापासून वाचवायला. पण यंत्राबरोबर सरही दिवसभर आतच बसायचे, दाराला आतून कडी घालून, डोक्याला कानटोपी, मांडीवर मुरमुऱ्यांचा डबा. बाहेर कठड्यावर माकडं ओळीनं बसून त्यांना बघायची. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा जिन्यात जाऊन पोट धरून हसले होते. प्राणिसंग्रहालय उलटं भरलेलं!

सरांच्या तऱ्हा सांगायला लागले तर दिवस पुरायचा नाही. त्यांचा रुमाल आरशासाठी, नाकासाठी सदऱ्याची बाही. हे ते कुणापासून लपवायचेही नाहीत. भेटल्यावर कसं काय, बरं आहे ना, असलं काही नाही. "काय म्हणते हवा?" एवढंच. थंडीत गल्लीच्या तोंडाशी मलइयो विकायला बसतात, दुधाचा फेस नुसता, जिभेवर ठेवला की गायब. सर तो रोज खायचे आणि म्हणायचे, "हवा खावी तर अशी!" मापनाच्या बाबतीत मात्र मस्करी बिलकुल चालायची नाही. एकदा मी सहज म्हटलं, सर, आजचा आकडा अंदाजे कालच्याएवढाच धरू या. त्यांनी मुरमुऱ्यांचा डबा बंद केला.

"अंदाज हा शब्द खिचडीतल्या मिठासाठी," ते म्हणाले. "इथे दिसलं तर दिसलं म्हणायचं, नाही दिसलं तर नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आजही भाजीत मीठ टाकताना तेच आठवतं.

आता दादांबद्दल. दादा अग्निहोत्री. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला खालच्या मजल्यावरच्या अग्निशाळेत अग्नी फुलवून दुधाची आहुती द्यायची, हे व्रत त्यांनी जन्मभरासाठी घेतलेलं. स्वभाव शांत, पण अडून बसले की गंगा काशी सोडून गेली तरी हलायचे नाहीत. छताचा तो पूर्वेचा कोपरा म्हणजे त्यांची रोजची संध्येला बसायची जागा होती. समोर गंगा, पलीकडून उगवणारा सूर्य. आणि किरणाला नदीपार मोकळी वाट मिळेल असाही सबंध घरात तो एकच कोपरा. सरांनी दादांना न विचारता तिथे पिंजरा बसवला. दादा त्या दिवशी आसन गुंडाळून खाली गेले, ते पुन्हा छतावर आले नाहीत. आणि धाकट्या भावाशी बोलणंही त्यांनी तिथेच गुंडाळून ठेवलं.

त्याला कित्येक वर्षं झाली होती. एकाच पंगतीत, समोरासमोर पाटावर बसून दोघांचं संभाषण चालायचं ते काकूंच्या मार्फत. काकू म्हणजे दादांच्या पत्नी, सरांच्या वहिनी.

"वहिनी, दादाला विचारा, ताक हवं का."

"त्याला म्हणावं, मला हात आहेत."

"मी काय तारघर उघडलंय का दोघांचं?" काकू वैतागायच्या. मग रागानं दोघांच्याही पानात कारल्याची भाजी जास्त वाढायच्या. दोघंही निमूट खायचे. मला तर कधी कधी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची, इतके ते सारखे होते.

हे असं चाललेलं असताना दिल्लीहून पत्र आलं. यंत्र तिथल्या एका सरकारी खात्यानं दिलेलं. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. समिती येऊन बघणार होती, आणि घाटावर ठेवण्यासारखं काही सापडलं नसेल तर यंत्र उचलून दुसऱ्या शहरात नेणार होती. सर त्या दिवशी मलइयो खायला गेले नाहीत. त्यांना बायको नाही, मुलं नाहीत. ते यंत्र गेलं असतं तर माणूस पिंजऱ्यात नुसताच बसून राहिला असता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

पण सरांकडे हुकमाचं पान होतं. रोज सूर्योदयाच्या सुमाराला आणि पुन्हा सूर्यास्ताला पडद्यावरची रेघ एकदम वर चढायची. अमोनिया वाढायचा, कार्बन मोनॉक्साइड वाढायचा, आणि थोड्या वेळात दोन्ही खाली. गंमत अशी, की दिवस लहान होत गेले तशी रेघही सूर्याबरोबर सरकत गेली. गल्लीतल्या फोडण्या घड्याळावर चालतात, ऑफिस-शाळेच्या वेळेवर. ही रेघ सूर्यावर चालत होती. सरांनी निष्कर्ष काढला, की दिवस-रात्रीच्या सांध्यावर नदीवरची हवा पालटते आणि पाण्यात कोंडलेलं बाहेर पडतं. त्याला त्यांनी नावही दिलं होतं, गंगेचा उच्छ्वास. समितीला तसा निबंधही पाठवून दिला.

"आजपर्यंत कुणी पाहिला नाही हा," ते हळूच म्हणायचे, डोळे भरून. मलाही भरून यायचं. खोटं कशाला बोलू?

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी जिना चढत होते, तर खाली काकूंचा आरडाओरडा. माकडानं आहुतीच्या दुधाची चरवी पालथी केली होती. दादा अग्निशाळेत हात जोडून गप्प बसले होते आणि काकू माकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. नवं दूध येईपर्यंत अग्नी फुलवायचा खोळंबला होता. मी वर गेले. सूर्य चांगला वर आलेला, आणि पिंजऱ्यात सर पडद्याला नाक लावून बसलेले. रेघ सपाट.

"आज गंगा उशिरा उठणार वाटतं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं खालून गवळ्याची हाक आली, मग दादांचे मंत्र ऐकू आले, आणि रेघ चढायला लागली.

"उठली!" सर टाळी वाजवून म्हणाले.

मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पिंजऱ्याच्या बरोब्बर खाली, दोन मजले सोडून, अग्निशाळेची नदीकडची खिडकी होती, आणि तिच्यातून निळसर धूर सावकाश वर येत होता. शेणाच्या गोवऱ्यांचा, म्हणजे या घरातल्या भाषेत उपल्यांचा, धूर! त्यात अमोनिया असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, हे सरांनीच मला शिकवलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या शहाण्या माणसाला हे दिसलं कसं नाही? मला विचाराल तर त्यात नवल नाही. ज्या घरात जन्मापासून सकाळ-संध्याकाळ अग्नी फुलतो, त्या घरच्या माणसाला तो धूर वाटतच नाही. सरांनी भाभीची मिरची धरली, हलवायाची भट्टी धरली, पलीकडच्या काठावरची शेकोटीसुद्धा धरली. फक्त घरातला अग्नी धरला नाही. तो त्यांच्या लेखी धुरात मोडतच नव्हता.

दुपारपर्यंत मी जिना नुसता वरखाली करत राहिले. शेवटी धीर करून सांगितलं. सर ऐकत राहिले. मग उठले, कठड्याशी गेले, खाली वाकून त्या खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं आता रडतात की काय. तर एकदम हसायला लागले, खोखो, ठसका लागेपर्यंत.

"गल्लीभर फोडण्या बंद करत फिरलो गं मी! आणि माझ्याच घरात..." पुढचं त्यांना बोलवेना. माकडंसुद्धा घाबरून पलीकडच्या छतावर गेली.

"सर, आपण उद्या याबद्दल बोलायचंच नाही," मी म्हटलं. "निबंध गेलाय. त्यांना कळणार नाही."

हसणं थांबलं. "मला कळलंय ना."

"पण यंत्र जाईल!"

"जाईल तर जाईल. खोट्या रेघांचं यंत्र ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?" बाहीनं डोळे पुसत ते म्हणाले. आता ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं कशाचं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आधी समिती आली. दोन पुरुष आणि एक अध्यक्षबाई, धापा टाकत त्या उभ्या जिन्यानं वर. सरांनी चहाही येऊ दिला नाही, आधी सगळं सांगून टाकलं. माझा निबंध चुकीचा आहे. हा गंगेचा उच्छ्वास नाही, माझ्या भावाचा अग्नी आहे.

अध्यक्षबाई कसलेल्या होत्या. म्हणाल्या, "काल गंगा म्हणत होतात, आज भाऊ म्हणता. हे तरी कशावरून? आज संध्याकाळपुरता तो अग्नी विझवा. रेघ सपाट राहिली, तर मानू."

मी मनात म्हणत होते, विचारा हो, विचारून तरी बघा. पण सरांनी नकारार्थी मान हलवली.

"तो विझवायचा नसतो. जन्मभराचं व्रत आहे त्याचं. यंत्र न्यायचं तर घेऊन जा, पण हे मी दादाला विचारणारसुद्धा नाही."

काकू तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे माझ्या हातात कोंबला आणि तशाच खाली गेल्या. तारघर ते! तार पोचायला वेळ लागत नव्हता.

चहा निवत चालला. सूर्य मागच्या घरांआड गेला. आणि खालून धाडकन आवाज आला. मी वाकून पाहिलं. अग्निशाळेची नदीकडची खिडकी बंद झाली होती.

मग दादांचे मंत्र सुरू झाले. अग्नी फुलला असणार, कारण घराच्या आतल्या चौकातून धूर वर यायला लागला, नदीच्या उलट्या बाजूला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. रेघ सपाट. मंत्र चालू, मधेच खोकला, पुन्हा मंत्र. त्या कोंदट खोलीत दादा सगळा धूर छातीत घेत बसले होते. तेही कशासाठी? ज्या यंत्रानं त्यांचा कोपरा घेतला, ते यंत्र राहावं म्हणून. सरांनी पिंजऱ्याचा गज घट्ट धरला होता आणि रेघ काही हलत नव्हती.

खोकला थांबला. खिडकी किंचित किलकिली झाली आणि खालून दादांचा आवाज आला, काकूंना सांगितलेला नव्हे, थेट वर.

"आता उघडू का रे?"

सर गज धरून पडद्याकडेच बघत राहिले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. अहो, बोला ना!

"उघड, दादा!"

खिडकी उघडली. क्षणभर काही नाही, आणि मग रेघ उठली, सरळ वर. अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर घट्ट केला.

"दिसला का?" खालून.

"दिसला!" सर ओरडले, आणि बाहीनं नाक पुसलं.

यंत्र राहिलं. एका खोलीतला एका माणसाचा अग्नी ज्याला ओळखता येतो, ते यंत्र नदीकाठीच हवं, असं अध्यक्षबाई म्हणाल्या आणि तो निवलेला चहा आनंदानं प्यायल्या. निबंध अर्थातच मागे घेतला. गंगेचा उच्छ्वास त्या दिवशी वारला आणि त्याचं सुतक आम्ही भाभीकडून तडका दिलेली डाळ मागवून पाळलं. सरांनी तीन वाट्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिंजरा हातभर सरकवला. त्यापायी किरण पुन्हा नदीपारच्या आरशावर आणताना आमच्या नाकी नऊ आले, पण कोपऱ्यात दादांचं आसन मावायला लागलं. आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आहुती झाली की खालून हाक यायची, "दिसला का?" आणि वरून उत्तर, "दिसला!" यंत्र नीट चाललंय की नाही हे बघायची त्या घरातली ती रीतच होऊन बसली. काकूंचं तारघर बंद पडलं.

मी आता पुण्यात असते. यंदाच्या थंडीत काशीला गेले होते. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मलइयो घेतला आणि संध्याकाळच्या सुमाराला छतावर पोचले. सर पिंजऱ्यातच होते, कानटोपी, मुरमुरे, सगळं जागच्या जागी. यंत्रावर मात्र जुनं धोतर पांघरलेलं. लेझरचा मुख्य भाग निकामी झाला होता, नवा यायला अजून अवकाश होता.

"काय म्हणते हवा?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार, तेवढ्यात खालून हाक आली. आवाज आता थकलेला होता. "दिसला का रे?"

सरांनी धोतराखालच्या यंत्राकडे पाहिलंही नाही. "दिसला, दादा! आज जरा कमी आला. उपले ओले आहेत वाटतं!"

मी तोंडाचा आ करून बघत राहिले. अंदाज म्हटल्यावर डब्याचं झाकण लावणारा हा माणूस! त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि मुरमुऱ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी मुकाट्यानं मूठभर घेतले.

खाली आले तर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "दादांना माहीत नाही का, यंत्र बंद आहे ते?"

"अगं, त्या यंत्राचा पंखा दिवसभर घुं घुं करायचा, भिंतीतून खालपर्यंत. बंद पडला त्या दिवशी ह्यांनीच मला आधी सांगितलं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

दादा अग्निशाळेच्या दारात पंच्याला हात पुसत उभे होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी वर जिन्याकडे एकदा पाहिलं, माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"उपले बिलकुल वाळलेले होते. पण त्याला सांगू नको."